रिकाम्या अकरा

"रिकामी," एन्डा म्हणाला.

फिडेल्माने वहीत गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा पाहिला आणि त्याच्यासमोर फुली मारली. ही चौथी. समुद्राकडून भुरभुर येत होती, वहीवर प्लास्टिकचा कागद धरून लिहावं लागत होतं. मर्टीने खोड्याचं दार उघडलं. गाय पुढे निघून गेली, दुसरी आत आली. एन्डाने खांद्यापर्यंतचा मोजा सारखा केला, सोनोग्राफी यंत्राची कांडी आत घातली आणि पडद्याकडे बघत मान तिरकी केली.

"गाभण. पण लहान आहे. दोन महिने, फार तर अडीच."

"आधीच्याही लहानच म्हणालास."

"लहानच होत्या. आतापर्यंत तीन महिन्यांची एकही नाही दिसली, बाई. वळू कधी सोडला होता?"

"एक जूनला. दरवर्षीसारखा."

एन्डा पडदा पुसू लागला. तो वर्षाला हजारो गाई तपासत असे, कुणाच्या अंगणात किती बोलायचं हे त्याला ठाऊक होतं. मर्टी खोड्याच्या दांड्याशी उगाच खुडबुड करत राहिला.

तीस गाई होत्या. दुपारच्या जेवणाच्या आत सगळ्या खोड्यातून निघाल्या, आणि फिडेल्माच्या वहीत अकरा फुल्या झाल्या. शेवटून दुसरी मोडशिंगी होती. तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांची, डाव्या शिंगाचा नुसता खुंट राहिलेली. तेरा वर्षांची गाय, अकरा वेतं, अकरा वासरं, विताना एकदाही कुणाचा हात लागला नाही की दोर लागला नाही. एन्डाने तिच्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ घेतला. कांडी काढली, पुन्हा घातली.

"नाही," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं."

"तुला कशाला वाईट वाटायला पाहिजे? तू काय केलंस?" फिडेल्मा म्हणाली, आणि फुली मारली.

दोघं भाऊबहीण. मर्टी त्रेसष्ट वर्षांचा, फिडेल्मा अठ्ठावन्न. दोघांचंही लग्न झालं नाही. बापाने मरताना जमीन दोघांच्या नावावर केली. त्यात घराभोवतीची कुरणं होती आणि वर डोंगरावरचं चुनखडीचं रान. उन्हाळ्यात ते रान मोकळं ठेवायचं, गवत वाढू द्यायचं, आणि ऑक्टोबरअखेर गुरं वर चढवायची. खडक दिवसभराची ऊब धरून ठेवतो, पायाखाली चिखल होत नाही. गाई एप्रिलपर्यंत तिथेच राहतात, गोठा लागत नाही, वैरण लागत नाही. फक्त गाय त्या रानाची हवी. लहान चणीची, काटक, आणि पोटात वासरू घेऊन चढलेली.

बावीस वर्षांपूर्वी शाळेतली शास्त्राची नोकरी सोडून फिडेल्मा कळपात उतरली, तेव्हा तिने एकच नियम घातला. वळू नऊ आठवडे. तेवढ्यात जी गाभण राहील ती घरची, जी राहणार नाही ती विकायची. आधी शेजारी हसले. पहिल्या वर्षी बारा गेल्या, दुसऱ्या वर्षी पाच, मग दोन, मग एखादी. आता पावलापुरती जागा असली तरी तग धरणाऱ्या, मार्चमध्ये पटापट विणाऱ्या गाई उरल्या होत्या. हे एका दिवसात होत नाही. तिला एकेकीची आजी माहीत होती.

जेवताना ती म्हणाली, "जूनमध्ये काय झालं?"

मर्टीने बटाटा सोलला. "काय व्हायचंय?"

"पहिले सहा आठवडे एकही गाय राहिली नाही. एकही. जी राहिली ती शेवटच्या तीन आठवड्यांत. मग मधल्या काळात वळू काय करत होता?"

"जे करायचं ते करत होता. मी रोज बघत होतो. तुला फोनवर सांगत होतो की नाही?"

सांगत होता. एप्रिलमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. गॉलवेच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, तीन आठवड्यांनी पडदा पुन्हा सुटला, पुन्हा शस्त्रक्रिया. जुलैच्या मध्यापर्यंत ती भाचीच्या घरी तोंड खाली घालून पडून होती. टाइल्सवरच्या रेघा मोजण्यापलीकडे काम नव्हतं. रोज संध्याकाळी मर्टीचा फोन यायचा. बिशप कामात आहे, तो सांगायचा. वळूचं नाव बिशप. मर्टीनेच ठेवलं होतं, कारण तो सगळ्यांकडे वरून बघायचा आणि घाईत कधी नसायचा.

"मग गवतात काहीतरी असेल," मर्टी म्हणाला. "तूच म्हणतेस ना, तांबं कमी पडतं."

तिने कोबी पुढे ओढला. तांबं कमी पडलं तर इतकं एका तारखेला कापल्यासारखं होत नाही, हे तिला कळत होतं. पण मोजल्याशिवाय म्हणायचं नाही ही तिची सवय.

पुढचे दहा दिवस तिने मोजलं. जनावरांच्या डॉक्टरला बोलावून सहा गाईंचं रक्त काढलं. तांबं ठीक, आयोडीन ठीक, कोबाल्ट जरा कमी, पण दरवर्षी इतकंच असतं. एकेक गाय अंगणात आणून तिने कमरेवर, माकडहाडाजवळ हात दाबून पाहिला. मांस भरलेलं होतं. रिकाम्या तर गाभण गाईंपेक्षा गुबगुबीत होत्या, त्यात नवल नव्हतं. कुरणातलं गवत कापून, वाळवून तिने तपासणीला पाठवलं. उजवा डोळा अजून कडेला पाण्याखालून पाहिल्यासारखं दाखवायचा. खोड्याच्या कडीचा अंदाज चुकून तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं.

शेवटी बिशप. डॉक्टरने खोड्यातच वीर्याचा नमुना घेतला, गाडीच्या मागच्या फळीवर सूक्ष्मदर्शक ठेवला आणि तिला बघायला बोलावलं. तिने डावा डोळा लावला. झुंडीच्या झुंडी पळत होत्या.

"याच्यात काही खोट नाही," डॉक्टर म्हणाला. "असा वळू मी विकत घेईन."

"मग घेऊन जा," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. मर्टी हसला नाही. तो बिशपच्या मागच्या डाव्या पायाशी उभा होता आणि आकाशाकडे बघत होता.

वळू चांगला. गवत चांगलं. गाई चांगल्या. अकरा रिकाम्या. रोज सकाळी ती हीच चार वाक्यं घेऊन उठायची आणि तीच घेऊन झोपायची. चिडायचं कुणावर तेच कळत नव्हतं, म्हणून ती कुत्र्यावर, किटलीवर, मर्टीच्या बुटांवर चिडत होती.

पॅकी लिनेन आला तेव्हा ती अंगणात चिखल ओढत होती. पॅकी म्हणजे दगडी गडग्यापलीकडचा शेजारी. वरच्या रानातल्या गुरांना जो झरा लागतो, तो त्याच्या हद्दीत. गडग्यात मुद्दाम ठेवलेल्या खिंडारातून गुरं तिकडे पाण्याला जातात. कागदावर काही नाही, बापांच्या वेळेपासून चालत आलेलं आहे. पॅकीच्या हातात पुठ्ठ्याच्या खोक्यात एक मोठा केक होता.

"हे काय पॅकी, तुझं लग्न ठरलं का?"

"त्याहून चांगलं, बाई. काल एन्डा येऊन गेला. सातपैकी सहा. आणि सातवी म्हातारी आहे, तिला मीच धरत नव्हतो. पाच-पाच महिन्यांच्या. जानेवारीअखेर विणार. म्हटलं, बिशपच्या घरच्यांना गोड काहीतरी द्यावं."

फिडेल्माने खोरं भिंतीला टेकवलं.

"बिशप तुझ्याकडे कधी होता?"

पॅकीचा चेहरा हळूहळू बदलला. आपण चुकीच्या घरी चुकीचं बोललो हे त्याला कळलं, पण केक हातात होता, परत फिरता येत नव्हतं.

"मर्टीने सांगितलं नाही?"

"तू सांग."

"तू गॉलवेला गेलीस ना, त्याच आठवड्यात. माझा वळू मेला होता, तुला माहीतच आहे. मी विचारलं, तो हो म्हणाला. तीन आठवडे. मधल्या गडग्यावरून उतरताना पायात अणकुचीदार दगड घुसला बिचाऱ्याच्या. खुरात पू झाला, तापाने नुसता फणफणला होता. पण मी लगेच सुई दिली हं. चार दिवसांत उभा राहिला. मर्टी म्हणाला, कुणाला सांगू नकोस, बरा झालाय." त्याने केक पुढे केला. "बरा झालाच ना?"

"ताप कधी आला?"

"मेच्या मध्यावर."

तिने मनातल्या मनात साठ दिवस पुढे मोजले. जुलैचा मध्य. मग तिने केक घेतला, कारण पॅकी तो हातात धरून उभा होता आणि झरा त्याचा होता. "आभारी आहे," ती म्हणाली. त्या शब्दाने तिचा जबडा दुखला.

मर्टी शेडमध्ये कुंपणाच्या तारा गुंडाळत होता. तिने केक ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला.

"पॅकीने आणलाय. त्याच्या सहा गाभण आहेत."

मर्टीचे हात थांबले. मग तो पुन्हा तार गुंडाळू लागला.

"नाही म्हणता आलं नाही गं. झरा त्याचा आहे."

"ते मला कळतं. मी असते तर मीही नाही म्हटलं नसतं. ते मी विचारतच नाही. ताप आला ते का नाही सांगितलंस?"

"तुझा डोळा… तुला तोंड वर करायला मनाई होती. तुला आणखी काळजी कशाला? आणि तो बरा झाला होता. चालत होता, खात होता, गाईंवर चढत होता. आता तू मला सांग, दिसायला बरा वळू आतून बरा नाही हे मी कसं ओळखायचं?"

"मला विचारून. ताप आला की आत बनत असलेलं सगळं मरतं, मर्टी. नवं बनायला दोन महिने लागतात. चढतो, उतरतो, सगळं करतो, पण आत काही नसतं. शाळेतल्या पोरांना मी हे फळ्यावर काढून दाखवायचे. तू एक फोन केला असतास तर जूनमध्येच दुसरा वळू भाड्याने आणता आला असता."

"मला काय माहीत?"

"म्हणूनच फोन असतो."

त्याने तारेचं वेटोळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आता वळू चांगला आहे ना? त्या अकरा आता त्याच्यापुढे घालू. जुलैअखेर वितील. गाईंची चूक नाही, तूच म्हणतेस."

हेच तिलाही सुचलं होतं. डॉक्टर येऊन गेल्यापासून रात्री ती हाच हिशोब करत होती, सगळ्या बाजूंनी. जुलैअखेर विणारी गाय तान्ह्याला पाजत डोंगर चढणार; वरचं हिवाळी गवत गाभण गाईला पुरतं, दूध करणाऱ्या गाईला पुरत नाही. ती फेब्रुवारीत हाडं होऊन उतरेल, मग माजावर येणार नाही, मग पुढचं वासरूही जाईल आणि गवतही. खाली ठेवायचं तर गोठा हवा, पेंड हवी, आणि तसल्या गाई सांभाळणारे लोक या भागात एकेक करून गुरं विकून बसले होते.

"चूक कुणाची हे गवताला कळत नाही," ती म्हणाली. "त्या जातील."

"मोडशिंगी?"

"अकरा म्हटलं मी."

"तिला ठेव. एकीला. खाईल माझ्या वाटचं."

"तुझ्या वाटचं कुठलं? तू वेगळा खडक विकत घेतलास का?"

तो केककडे बघत राहिला. तिने बाहेर जाऊन ट्रकवाल्याला फोन केला.

एकोणतीस ऑक्टोबरला वर चढायचं ठरलं, आणि ट्रक दुपारी तीनला. सकाळी अकरा जणींना अंगणात कोंडून त्यांनी एकोणीस गाई हिरव्या वाटेला लावल्या. पहिला मैल बरा गेला. मग गवत संपलं आणि खडक सुरू झाला. सपाट, करडा, मधे माणसाचा पाय मांडीपर्यंत जाईल अशा भेगा. त्या भेगांतून एकच वाट होती. ती वाट मोडशिंगीला माहीत होती. तिच्या आधी तिच्या आईला माहीत होती. बाकीच्या गाई इतकी वर्षं तिच्या शेपटीकडे बघत चालत आल्या होत्या, त्यामुळे त्यांनी वाट कधी पाहिलीच नव्हती.

एकोणीस गाई खडकाच्या तोंडाशी येऊन थांबल्या. पुढच्या मागे वळल्या. फिडेल्मा बाजूला धावली, मर्टीने काठी आडवी धरली. एक काळी कालवड बगल देऊन खाली पळाली, तिच्यामागे सहा. तासाभराने त्या पॅकीच्या शेतातून परत आणल्या. पुन्हा तोंडाशी उभ्या राहिल्या. नाकं खाली करून खडक हुंगायच्या आणि उच्छ्वास सोडून मागे सरायच्या. फिडेल्मा स्वतः पुढे चालून दाखवू लागली. त्यांनी तिच्याकडे शिक्षिकेकडे बघावं तसं पाहिलं आणि जागच्या हलल्या नाहीत. मर्टी भेगेत घसरला. गुडघ्यावरची विजार फाटली, रक्त बुटात उतरलं.

"आणू का तिला?" तो म्हणाला. तो दगडावर बसला होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

बारा वाजून गेले होते. "तू बस," ती म्हणाली, आणि खाली गेली.

मोडशिंगीला अंगणातून काढायला काही करावं लागलं नाही. फाटक उघडताच ती इतर दहांना मागे टाकून बाहेर पडली आणि हिरव्या वाटेने निघाली. फिडेल्माला तिच्यामागे चालणं जड जात होतं. वर खडकापाशी ती थांबलीही नाही. उभ्या गाईंच्या मधून अंग घासत पुढे गेली, डावीकडे वळली, दोन भेगांच्या मधल्या हातभर पट्टीवर खूर टाकला, मग उजवीकडे, मग जिथे सगळ्यात अवघड वाटत होतं तिथून सरळ. तिच्यामागे काळी कालवड. मग सगळ्या. अर्ध्या तासात एकोणीस गाई वरच्या गडग्यात त्या दिवसापुरत्या पाडलेल्या खिंडारातून रानात गेल्या, आणि लगेच माना खाली गेल्या. जुनं, पिवळट, सहा महिने न चरलेलं गवत होतं.

मोडशिंगी सगळ्यांत पुढे पोचली होती. फिडेल्माने तिला बाहेर काढलं. काठीने नाही, नुसतं तिच्या तोंडासमोर उभं राहून, पुढे सरकत, तिला पावलापावलाने मागे रेटत. गाईच्या तोंडात गवताचा घास होता. तो ती चावत होती. खिंडारातून बाहेर आल्यावर ती वळली आणि एकदा ओरडली. आतून कुणी उत्तर दिलं नाही, सगळ्या खात होत्या.

खिंडार बुजवायला वेळ नव्हता. मर्टीने दोरी आडवी बांधली, तिच्यावर आपलं जाकीट टाकलं.

उतरताना दोघंही तिच्यामागे होते. तिला परतीची वाटही माहीत होती.

"पुढच्या वर्षी वाट कोण दाखवणार?" मर्टी म्हणाला.

"तू."

"माझे गुडघे बघ."

"मग या हिवाळ्यात दर रविवारी चालत जा. शिकून घे."

ट्रक आधीच येऊन उभा होता. ड्रायव्हर नवा होता, फळीवर पेंढा पसरत होता. तो म्हणाला की तो एकटाच आहे, चढवायला मदत लागेल, नव्या ट्रकला गुरं घाबरतात. मदत लागली नाही. मोडशिंगी अंगणात आली, उघडं दार पाहिलं, आणि फळी चढून आत गेली. दहाजणी तिच्यामागे चढल्या.

"अशा असाव्यात," ड्रायव्हर दार लावत म्हणाला. "अशा सगळ्यांच्या असत्या तर काय पाहिजे होतं."

फिडेल्माने कागदांवर सही केली. उजव्या डोळ्याने रेघ वाकडी दिसत होती, म्हणून सही रेघेच्या खाली गेली.

ट्रक वळणाआड गेल्यावर दोघं पुन्हा वर निघाले, कारण दोरीवर गुरं रात्रभर थांबत नाहीत. मर्टी लंगडत होता. खिंडारापाशी त्याने जाकीट काढून घातलं. ती मोठे दगड वाहून आणत होती, तो रचत होता. हे काम त्याचं होतं. बापाने त्याला शिकवलं होतं, तिला नाही. उजेड करडा होत चालला होता. आत काळी कालवड दहा पावलांवर येऊन दोघांकडे बघत होती.

"फिडेल्मा."

"हं."

"त्या उलटल्या होत्या. पुन्हा माजावर आल्या होत्या. मला दिसलं होतं."

तिने हातातला दगड खाली ठेवला नाही.

"जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पाच-सहा एकाच सकाळी. एकमेकींवर चढत होत्या. मोडशिंगीसुद्धा. मग पुन्हा दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, राहतील आता. मग म्हटलं, आता सांगितलं तर ताप आला तेही सांगावं लागेल, आणि पॅकीचंही." तो गडग्याकडे तोंड करून बोलत होता. "तू विचारायचीस, सगळं ठीक ना. मी म्हणायचो, बिशप कामात आहे."

तिने दगड त्याच्या हातात दिला. हात क्षणभर दोघांचेही त्याच्याखाली होते, वजन होतं. मग तिने आपले काढले.

त्याने दगड बसवला. ती मागे सरून बघत राहिली. डाव्या डोळ्याने, कारण उजव्याने सगळंच वाकडं दिसायचं.

"हा हलतोय," ती म्हणाली. "काढ. पुन्हा बसव."

त्याने काढला, फिरवला, पुन्हा बसवला, आणि ती पुढचा आणायला गेली.